लहान धंदा आणि मोठी कंपनी

त्र्यंबकेश्वरी पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांची यात्रा भरते. तिथे नागलीचे पापड मांडून बसलेल्या बाईने कारखान्याच्या पुड्याशी भावात झुंजू नये. ती बुडेल, यंत्राला काय, झोप लागत नाही! मग करावे काय? मुंबईत गिरगावातल्या सात गृहिणींनी १९५९ साली ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. तेच आजचे लिज्जत. तिथे पीठ एके ठिकाणी मळतात, लाटतात मात्र घरोघर. म्हणून चव एक राहते आणि कामाला घरचे पोळपाट पुरते. गुरुजी, आपल्या गावच्या बायांना एवढे समजावून सांगा: नागली एकत्र घ्या, उकड एकाच प्रमाणाने काढा. पुड्यावर वजन आणि गावाचे नाव घाला, म्हणजे दरसाल येणारी दिंडी ते नाव विचारीत येईल.