अपस्मारावरील औषधांची निवड आणि स्त्रीचे आरोग्य

अपस्मार हा विकार स्त्री-पुरुष दोघांनाही होतो. औषधाची निवड मात्र दोघांसाठी एकसारखी असू शकत नाही. व्हॅल्प्रोएट हे याचे ठळक उदाहरण होय. हे औषध प्रभावी खरे. परंतु गर्भारपणात घेतल्यास सुमारे १० टक्के बालकांत जन्मजात व्यंगे, तर ३० ते ४० टक्के बालकांच्या बौद्धिक विकासात अडचणी आढळतात. गर्भाच्या मज्जारज्जूची घडण पहिल्या चार आठवड्यांतच होते. दिवस गेल्याचे कळेपर्यंत ही वेळ बहुधा निघून गेलेली असते. म्हणून औषध बदलायचे ते गर्भधारणेपूर्वीच. लॅमोट्रिजिन तुलनेने सुरक्षित मानले जाते. तथापि गर्भारपणात त्याची रक्तातील पातळी घसरते व मात्रा वाढवावी लागते. कार्बामाझेपिन व फेनिटॉइन यांमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा प्रभाव कमी होतो, हेही अनेकींना ठाऊक नसते.

हिंदू विवाह कायद्यातील अपस्मारविषयक अट १९९९ मध्ये वगळण्यात आली, तरी लग्न जमविताना आजार लपविण्याची रीत सुटलेली नाही. सासरी चोरून गोळ्या घेणारी स्त्री डॉक्टरांना हे सारे विचारणार तरी केव्हा? पुष्कळदा ती भीतीपोटी गोळ्याच बंद करते. असे एकाएकी बंद केल्यास झटके वाढून मातेच्या जिवावरही बेतू शकते.