लॅपटॉपच्या कुशीतला चोरकप्पा

तुमच्या घरी माळ्यावर एखादा जुना, जाडजूड लॅपटॉप पडलाय का? मामाचा, आत्याचा, नाहीतर बाबांच्या पहिल्या नोकरीतला? असेल तर आईबाबांना विचारून तो खाली काढा आणि त्याच्या कडा नीट न्याहाळा. एका बाजूला एटीएम कार्ड जाईल एवढी रुंद फट दिसेल. शेजारचं बारीक बटण दाबलं की बहुतेक वेळा आतून प्लास्टिकचा रिकामा तुकडा बाहेर येतो. ते नुसतं झाकण, धूळ जाऊ नये म्हणून बसवलेलं. खरी गंमत त्यामागच्या खाचेत आहे!

आता म्हणाल, या म्हाताऱ्या लॅपटॉपचं आज काय काम? काम आहे. डिजिटल कॅमेरे नवे होते तेव्हा फोटो काढून ते अशाच लॅपटॉपवर उतरवले जात. कागदावर बऱ्याचदा छापलेच जात नसत. आजोबांची पंचाहत्तरी, ताईचं बारसं, सगळं त्या एका डिस्कवर. आमच्या मीरा-भाईंदरला एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला उत्तनचा समुद्र. खारी दमट हवा धातूला सोडत नाही, लॅपटॉपलाही नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईत आणि उपनगरांत कितीतरी घरांतले अल्बम भिजले. डिस्कवरचे फोटो न भिजताही जातात. म्हणून लॅपटॉप सुरू होतोय तोवर ते बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यायला हवेत.

मग लावा वायर आणि घ्या कॉपी करून! पण थांबा. २००१ च्या सुमाराच्या लॅपटॉपवर यूएसबी असते ती जुनी, १.१ जातीची. तिचा वेग सेकंदाला १२ मेगाबिट. ८ बिटांचा एक बाइट, म्हणजे कागदावर दीड मेगाबाइट आणि प्रत्यक्षात जेमतेम एक. डिस्कवर २० गिगाबाइट माल असेल तर २०,००० सेकंद. करा भागाकार: साडेपाच तास! तेवढा वेळ ते म्हातारं यंत्र तापून बंद पडलं तर?

काशिमीऱ्याहून वसईकडे जाणाऱ्यांना हे पटकन कळेल. हायवे ऐसपैस, पण खाडीवरचा वर्सोवा पूल (अंधेरीचं वर्सोवा नव्हे हं!) अरुंद. त्यामुळे वर्षानुवर्षं गाड्यांच्या रांगा. २०२३ मध्ये शेजारी नवा पूल खुला झाला. आपली ती खाच म्हणजे लॅपटॉपमधल्या नव्या पुलाची जागा. तिच्यात यूएसबी २.० चं कार्ड सरकवलं की सेकंदाला ४८० मेगाबिटचा रस्ता मिळतो. खाच थेट लॅपटॉपच्या आतल्या हमरस्त्याला जोडलेली असते, आणि तो सेकंदाला १३३ मेगाबाइटपर्यंत माल नेऊ शकतो. तेच २० गिगाबाइट मग साधारण अर्ध्या तासात निघतात. आणखी लवकर का नाही? कारण आता लॅपटॉपची जुनी डिस्कच मागे पडते. एक पूल रुंद केला की पुढचा अरुंद वाटायला लागतो!

ही कार्डं १९९० पासूनची. आधी मेमरीसाठी निघाली, मग मोडेम आले, नेटवर्क आलं. १९९५ मध्ये कार्डबस नावाची वेगवान जात आली, आपल्याला हवी ती हीच. तिच्या तोंडाशी सोनेरी पट्टी आणि पट्टीवर बारीक उंचवटे असतात. २००३ मध्ये एक्सप्रेसकार्ड आलं आणि घोटाळा झाला, कारण दोन्ही एकमेकांच्या खाचेत बसत नाहीत. कार्डबस ५४ मिलिमीटर रुंद. एक्सप्रेसकार्ड ३४ चं, नाहीतर इंग्रजी एल अक्षरासारखं, एका टोकाला ५४ आणि जोडणीच्या टोकाला ३४. अशी कार्डं आता जुन्या मालातच मिळतात. बाबांबरोबर ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर शोधायला जाणार असाल तर लॅपटॉपचं मॉडेल लिहून न्या, आणि ते रिकामं प्लास्टिकचं झाकणही खिशात असू द्या.

कार्ड बसलं, डिस्क जोडली, आणि आतून नुसतं टक्-टक्-टक्! घाबरू नका, पण लगेच वायर काढा. बहुतेक वेळा डिस्क उपाशी असते. यूएसबी २.० च्या नियमाप्रमाणे एका तोंडातून ५०० मिलिअँपिअर वीज मिळते. लहान डिस्कला फिरायला सुरुवात करताना त्याच्या दुप्पटही लागू शकते, आणि या कार्डांची ताकद बेताचीच. म्हणून काही कार्डांना कडेला छोटं गोल भोक असतं, वेगळा अडॅप्टर लावायला. कार्डावर लिहिलाय तोच लावायचा, घरातला दुसरा कुठलाही नाही! त्यापेक्षा स्वतःचा अडॅप्टर असलेली मोठी साडेतीन इंची डिस्क बरी. माझं मत विचाराल तर अशा कामाला तीच घ्यावी.

विंडोज एक्सपी असेल तर डिस्क बहुधा आपोआप दिसते. विंडोज ९८ ला मात्र वेगळा ड्रायव्हर द्यावा लागतो. डिस्क २ टेराबाइटपेक्षा मोठी नको, एक्सपीला ती ओळखता येईलच असं नाही.

आणि फोटो हलवताना 'कट' नको, 'कॉपी'च करा. जुन्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली असते, मध्येच वीज गेली तर निदान मूळ फोटो जागेवर राहतील. झाल्यावर खाली कोपऱ्यातल्या हिरव्या बाणाच्या चित्रावर क्लिक करून डिस्क 'सुरक्षित काढा' म्हणायचं, मगच वायर ओढायची. दुसऱ्या कॉम्प्युटरवर चार-पाच फोटो उघडून बघा. उघडले? मग आजीला हाक मारा, कारण त्या फोटोंमधले निम्मे लोक कोण आहेत हे तीच सांगू शकेल. तिने सांगितलेली नावं लगेच फाइलला देऊन टाका.