हुकूम हिंदीत, कान मराठी

चकलांब्यासारख्या गावांतून कॉलेजला जाणाऱ्या पोरापोरींना एनसीसीची रायफल ड्रिल बघायला मिळाली, की नजर हटत नाही. माझंही तसंच आहे.

या कवायतीची मुळं १९१७ च्या युनिव्हर्सिटी कोअरमध्ये आहेत, इंग्रजांच्या काळात. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने एनसीसी उभी राहिली आणि हुकूम हिंदीत आले: सावधान, बाजू शस्त्र, बगल शस्त्र, सलामी शस्त्र. शेवटच्या शब्दावर सगळ्या तुकडीचे हात एकदम हलले पाहिजेत. आधी मोठ्याने आकडे मोजत शिकायचं, मग मनातल्या मनात. पॉइंट थ्री-नॉट-थ्री रायफलीचं वजन सुमारे ४ किलो, त्यामुळे पहिल्या आठवड्यात खांदे भरून येतात!

मुलींचा विभाग १९४९ मध्येच सुरू झाला होता. १९६२ च्या युद्धानंतर १९६३ मध्ये एनसीसी कॉलेजात सक्तीची झाली, १९६८ मध्ये पुन्हा ऐच्छिक. मला हा बदल फार मोलाचा वाटतो, कारण तेव्हापासून मैदानात उतरणारा प्रत्येक कॅडेट स्वतःहून आलेला असतो. ‘एकता और अनुशासन’ हे ब्रीद १९८० पासूनचं.

नोव्हेंबरच्या चौथ्या रविवारी एनसीसी दिन असतो. जवळच्या कॉलेजात संचलन असेल तर नक्की जा, आणि बुटांच्या आवाजाकडे कान द्या.