कोरडा खोकला आणि वाढती धाप

खोकला रेंगाळला की आपल्याला आधी टीबीची शंका येते. ते बरोबरच आहे. पण एचआयव्ही असलेल्या माणसाला आणखी एक आजार गाठू शकतो. त्याचं नाव न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया. दवाखान्यात त्याला पीसीपी म्हणतात.

हा आजार एका बुरशीमुळे होतो. ती हवेतून पसरते आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या शरीरात लहानपणीच येऊन गेलेली असते. शेताला राखण असली की डुकरं आत शिरत नाहीत. राखण उठली की पीक जातं. आपल्या प्रतिकारशक्तीचंही तसंच आहे. 1981 साली अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांना हा दुर्मीळ न्यूमोनिया झाला, आणि तिथूनच एड्सची पहिली खूण डॉक्टरांना मिळाली.

राखण कधी उठते? एचआयव्हीत सीडी-4 पेशी 200 च्या खाली गेल्या की धोका फार वाढतो. किडनी बदललेली माणसं, कॅन्सरची औषधं चालू असलेली माणसं, बरेच दिवस स्टेरॉइडच्या मोठ्या डोसावर असलेली माणसं यांनाही हा आजार होऊ शकतो.

खुणा अशा: कोरडा खोकला, ताप आणि दिवसेंदिवस वाढणारी धाप. बसून बरं वाटतं, चार पावलं चाललं की दम लागतो. थुंकीत टीबी सापडला नाही म्हणून घरी बसू नका. तडक मोठा दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना एचआयव्हीबद्दल, चालू गोळ्यांबद्दल स्पष्ट सांगा. लाजेपायी हे लपवलं तर उपचाराला उशीर होतो आणि जीव जाऊ शकतो.

हा आजार टाळता येतो. कोट्रायमॉक्साझोल नावाची साधी गोळी एआरटी केंद्रात मोफत मिळते. बरं वाटलं म्हणून ती किंवा एआरटीची गोळी मनाने सोडू नका. अंगावर पुरळ उठलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आई एचआयव्हीबाधित असेल तर बाळाला दीड महिन्यापासून हे औषध देतात. तेही चुकवू नका.

गटातल्या एखादीकडे केंद्रात जायला गाडीभाडं नसेल तर आपण मदत करू या. कारण विचारायचं नाही, नाव बाहेर काढायचं नाही. माहितीसाठी 1097 हा मोफत फोन आहे.