विश्लेषण : डोहाळे जेवणात 'पेढा की बर्फी' चालते, मग 'जेंडर रिव्हील' केक का नाही?

डोहाळे जेवण ठरलं की हल्ली आधी व्हॉट्सअॅप ग्रुप तयार होतो. गेल्या महिन्यात माझ्या मावसबहिणीच्या ग्रुपवर हॉल, हिरवी साडी आणि फुलांच्या दागिन्यांची चर्चा सुरळीत चालली होती. मग परदेशातल्या एका नातेवाइकाने व्हिडिओ टाकला. केक कापला, आतून निळा रंग निघाला आणि पाहुण्यांनी जल्लोष केला. 'आपणही करूया का?' या प्रश्नावर पटापट अंगठे वर आले. उत्तर मात्र सरळ आहे : भारतात हे करता येत नाही. का, ते समजून घेऊया. सोबत कार्यक्रम ठरवताना लक्षात ठेवण्याच्या आणखी काही गोष्टीही पाहूया.

डोहाळे जेवण कशासाठी?

गर्भवतीला होणाऱ्या खाण्यापिण्याच्या इच्छा म्हणजे डोहाळे. हा शब्द संस्कृतातील 'दोहद'वरून आला. कालिदासाच्या 'रघुवंशा'त राणी सुदक्षिणेला माती खाण्याचे डोहाळे लागल्याचं वर्णन आहे. आपल्याकडे साधारण सातव्या महिन्यात हा सोहळा होतो. हिरवी साडी, हिरवा चुडा, फुलांची वाडी, सजवलेला झोपाळा, ओटी आणि तिच्या आवडीचं जेवण, असा त्याचा थाट. कर्नाटकात सीमंत, तमिळनाडूत वळैकाप्पु, बंगालमध्ये 'साध', अशी नावं बदलतात, कौतुक तेच.

पेढा-बर्फीला हरकत का नाही?

दोन झाकलेल्या वाट्या. एकीत पेढा, दुसरीत बर्फी. गर्भवतीने एक उघडायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. हा अंदाज नाणेफेकीइतकाच 'अचूक' असतो, कारण वाट्या मांडणाऱ्यालाही पोटात काय आहे हे माहीत नसतं. 'जेंडर रिव्हील'चं तसं नाही. तिथे सोनोग्राफी किंवा रक्ततपासणीतून लिंग आधीच कळलेलं असतं आणि केकमधून ते जाहीर होतं. म्हणजे एक खेळ आहे आणि दुसरी माहिती. कायद्याची हरकत माहितीला आहे.

कायदा नेमकं काय सांगतो?

गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्येच केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. तो 'पीसीपीएनडीटी' या नावाने ओळखला जातो. त्याच्या कलम ५ नुसार गर्भाचं लिंग गर्भवतीला, नातेवाइकांना किंवा इतर कोणालाही शब्दांनी, खुणेने किंवा अन्य कोणत्याही मार्गाने सांगता येत नाही. निळा किंवा गुलाबी केक ही खूणच झाली. लिंगनिदानासाठी तपासणी करवून घेणाऱ्यांना पहिल्या गुन्ह्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जबरदस्तीने तपासणी करायला लावलेल्या गर्भवतीला मात्र ही शिक्षा नाही.

इतकी कडक भूमिका का, याचं उत्तर जनगणनेत आहे. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे २००१ मध्ये ९१३ मुली होत्या. २०११ मध्ये त्या ८९४ वर आल्या.

तपासणी परदेशात केली तर?

ही पळवाट अनेकांना सुचते. २०२४ मध्ये तमिळनाडूतील एका यूट्यूबरने दुबईत तपासणी करून बाळाचं लिंग व्हिडिओतून जाहीर केलं. आरोग्य विभागाची नोटीस आली, व्हिडिओ काढावा लागला आणि माफीही मागावी लागली.

गंमत म्हणजे ज्या अमेरिकेतून ही टूम आली, तिथेही तिच्याबद्दल शंका आहेत. २००८ मध्ये असा केक कापून ही पद्धत सुरू करण्याचं श्रेय ज्यांना दिलं जातं, त्या ब्लॉगर जेना कार्व्हुनिडिस यांनीच २०१९ मध्ये तिच्याबद्दल नाराजी व्यक्त केली. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियात अशा सोहळ्यातील धुराच्या नळकांड्यामुळे वणवा लागला आणि त्यात एका अग्निशमन जवानाचा जीव गेला.

मेन्यू आणि वेळ कशी ठरवायची?

आधी रिपोर्ट, मग मेन्यू. गर्भावस्थेतील मधुमेहाची तपासणी साधारण २४ ते २८ आठवड्यांदरम्यान होते, म्हणजे डोहाळे जेवणाच्या थोडी आधीच. साखर वाढलेली असेल, तर प्रत्येक पाहुणीने एकेक घास भरवण्याचा आग्रह टाळलेला बरा. दुसरा आकडा हिमोग्लोबिनचा. गर्भवतीमध्ये तो ११ च्या खाली गेला की रक्तक्षय मानला जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातील ५२ टक्के गर्भवतींमध्ये रक्तक्षय आढळला होता. त्यामुळे ताटात पालेभाजी, उसळ आणि लिंबू हवंच.

खव्याची मिठाई ताजी असावी, शिजवलेलं अन्न तासन्‌तास बाहेर राहू नये. फोटोसाठी तिला सलग उभं करू नका. झोपाळ्याला घट्ट आधार आणि पाठीला लोड द्या. मधे पाय वर घेऊन बसता येईल, अशी एक खोली मोकळी ठेवा. दोन तासांत कार्यक्रम आटोपला तर उत्तमच.

ओटी कोणी भरायची?

यादीतला हा सगळ्यात अवघड प्रश्न. अनेक घरांत विधवा किंवा मूल नसलेल्या बाईला ओटी भरताना बाजूला ठेवतात, मग ती गर्भवतीची सख्खी आई का असेना. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर गावांनाही तसं आवाहन केलं. पण घरातला ठराव घरातल्यांनीच करायचा असतो आणि तो कार्यक्रमाच्या आधी झालेला चांगला. ऐन वेळी भर हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली, तर ती बाई स्वतःहूनच मागे सरते.

आमच्याकडे काय झालं?

काका गेल्यापासून मावशी ओटीच्या ताटापासून लांब राहायची. बहिणीने आधीच सांगून टाकलं, पहिली ओटी आईच भरेल. मावशीचे हात थरथरत होते, पण खण, नारळ, तांदूळ सगळं तिनेच घातलं. कोणी काही बोललं नाही.

केक अर्थातच रद्द झाला. उरला पेढा-बर्फीचा खेळ. बर्फी निघाली की 'असू दे, पहिली बेटी धनाची पेटी' असं समजुतीच्या सुरात म्हणणारं कोणीतरी असतंच. 'अभिनंदनाच्या जागी समजूत कशाला?' असं म्हणत बहिणीने एकाच वाटीत दोन्ही ठेवायला लावलं. तिने आधी बर्फी खाल्ली, मग पेढा. साखरेचा रिपोर्ट नॉर्मल होता.