ट्रेंटनची जलाश्व कशी झाली

विद्यार्थिमित्रहो, बेडूक पाण्यांतही राहतो व जमिनीवरही राहतो, म्हणून त्यास उभयचर म्हणतात, हें आपण प्राणिशास्त्राच्या आरंभींच्या धड्यांत शिकलों आहों. युद्धशास्त्रांतही हा शब्द आढळतो. जहाज समुद्रावर चालतें आणि शिपाई जमिनीवर लढतो. परंतु या दोहोंच्या मध्यें उथळ पाण्याची जी चिंचोळी पट्टी असते, ती ओलांडून फौज शत्रूच्या किनाऱ्यावर उतरविणें हें सर्वांत बिकट काम होय. तेवढ्याकरितां मुद्दाम बांधलेल्या जहाजास उभयचर युद्धनौका असें नांव आहे. अशाच एका जहाजाचें चरित्र आम्ही आज आमच्या वाचकांपुढें ठेवीत आहों. या जहाजाचा जन्म अमेरिकेंत झाला. पुढें तें भारताचें झालें. तें बांधलें गेलें लोकांवर चालून जाण्यासाठीं. पण त्याच्या हातून जीं मोठीं कामें घडलीं, त्यांपैकीं पुष्कळशीं लोकांस सोडवून आणण्याचीं आहेत. असें कां व्हावें, हा प्रश्न विचार करण्यासारखा आहे.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सिॲटल या नगरांत लॉकहीड कंपनीच्या गोदींत हें जहाज बांधलें गेलें. सन १९६८ सालीं तें प्रथम पाण्यांत सोडण्यांत आलें, आणि ता. ६ मार्च १९७१ रोजीं अमेरिकन नौदलांत दाखल झालें. त्याचें नांव ठेवलें ट्रेंटन. ट्रेंटन ही न्यू जर्सी संस्थानची राजधानी. इतिहासाच्या विद्यार्थ्यांस हें नांव परिचित असेल. सन १७७६ च्या नाताळच्या रात्रीं जॉर्ज वॉशिंग्टनची सेना बर्फाचे तुकडे वाहून नेणारी डेलावेअर नदी होड्यांतून ओलांडून पलीकडे गेली, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं तिनें याच गांवीं शत्रूस बेसावध गांठलें. होड्यांतून फौज उतरविण्याचें ज्याचें काम, त्या जहाजास याहून साजेसें नांव क्वचितच मिळालें असतें.

आतां या जहाजाची रचना पाहूं. याची लांबी सुमारें ५७० फूट, आणि पूर्ण भरल्यावर वजन १६,००० टनांहून अधिक. बाष्पयंत्राच्या बळावर तें ताशीं सुमारें २० सागरी मैल चालतें. सुमारें एक हजार शिपाई त्यांच्या सामानसुमानासह त्यांत राहूं शकतात. मागील बाजूस हेलिकॉप्टरें उतरण्यासाठीं विस्तीर्ण सपाट पृष्ठभाग आहे. परंतु खरें नवल आहे तें त्या पृष्ठभागाच्या खालीं. तेथें जहाजाच्या पोटांत एक प्रशस्त, लांबट हौद आहे. या हौदांत चार मोठ्या सपाट तळाच्या होड्या मावतात, आणि एकेका होडींत रणगाडाही चढवितां येतो.

या होड्या बाहेर कशा पडतात? हत्तीवर बसावयाचें झालें म्हणजे माहूत त्यास इशारा करतो आणि तो अवाढव्य प्राणी मागले पाय दुमडून खालीं वांकतो, हें पुष्कळांनीं पाहिलें असेल. हें जहाजही तसेंच वांकतें. त्याच्या तळाशीं मोठमोठ्या टांक्या आहेत. त्यांत समुद्राचें पाणी घेतलें कीं मागील बाजू हळूहळू खालीं बसते. मग पिछाडीचा प्रचंड दरवाजा उघडला जातो, समुद्र आंत शिरतो, हौद भरतो आणि कोरड्या तळावर बसलेल्या होड्या तरंगूं लागतात. त्या आपल्या यंत्रांनीं बाहेर पडून थेट पुळणीपर्यंत जातात व तोंडाशीं असलेली फळी वाळूवर टाकतात. काम संपल्यावर टांक्यांतील पाणी बाहेर लोटलें म्हणजे जहाज पुन्हां वर येतें. एकंदरींत, बंदर नाहीं, धक्का नाहीं, यारी नाहीं, अशा ठिकाणींही माणूस व माल उतरविण्याची युक्ति या जहाजापाशीं आहे. वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी कीं, ज्या वाटेनें माणसें उतरवितां येतात, त्याच वाटेनें तीं चढवितांही येतात.

ज्या कामासाठीं ट्रेंटन बांधली गेली, तें काम तिनें केलें नाहीं असें नाहीं. सन १९८८ च्या एप्रिल महिन्यांत इराणच्या आखातांत पेरलेल्या एका सुरुंगानें अमेरिकेच्या युद्धनौकेस भगदाड पडलें. त्याचा सूड म्हणून ता. १८ एप्रिल रोजीं अमेरिकन नौदलानें इराणवर हल्ला केला. त्या दिवशीं ट्रेंटनवरील सैनिक हेलिकॉप्टरांतून सस्सान नांवाच्या समुद्रांतील तेलाच्या मंचावर उतरले आणि त्यांनीं तो स्फोटकें लावून उडविला. हें झालें युद्धाचें काम.

पुढें तीन वर्षांच्या आंतच या जहाजावर निराळाच प्रसंग आला. सन १९९० च्या अखेरीस आफ्रिकेंतील सोमालिया देशाच्या यादवी युद्धाचा वणवा राजधानी मोगादिशू येथें येऊन पोंचला. विमानतळ बंद पडला. रस्त्यांतून गोळ्या सुटूं लागल्या. आणि नाना देशांचे वकील, त्यांचे कुटुंबीय व इतर परदेशी लोक अमेरिकन वकिलातीच्या आवारांत आश्रयास धांवले. त्या वेळीं ट्रेंटन व तिच्याहून मोठें ग्वाम नांवाचें जहाज ओमानच्या बाजूस होतें. दोन्ही जहाजें भरवेगानें दक्षिणेकडे निघालीं. परंतु मार्ग लांबचा, आणि मोगादिशूंतील लोकांस धीर धरण्यास वेळ उरला नव्हता. शेवटीं ता. ५ जानेवारी १९९१ रोजीं उजाडण्यापूर्वीं ट्रेंटनवरून दोन हेलिकॉप्टरें उडालीं. शहर तेथून ४६६ सागरी मैल दूर होतें. मुंबईहून आगगाडीनें नागपूरला जावें, तर अंतर साधारण तेवढेंच भरतें. अंधारांत, खालीं समुद्र असतांना, त्यांना दुसऱ्या विमानांकडून हवेंतल्या हवेंत इंधन घ्यावें लागलें. सकाळीं तीं वकिलातीच्या आवारांत उतरलीं, साठ रक्षक तेथें उतरविले, आणि सुमारें तितकींच माणसें घेऊन परत आलीं. जहाजें आणखी जवळ आल्यावर ग्वामवरील हेलिकॉप्टरांनीं त्या रात्रीं उरलेल्या लोकांस बाहेर काढलें. एकंदर ३० देशांचे २८१ लोक या प्रकारें वांचले. त्यांना मस्कतला पोंचविण्याच्या वाटेवर ग्वाम जहाजावर एका बाळाचा जन्म झाला!

सन २००६ च्या जुलै महिन्यांत लेबनॉनवर युद्धाचें संकट कोसळलें, त्या वेळीं बैरूतच्या बंदरांतून ट्रेंटननें हजारांहून अधिक अमेरिकन नागरिकांस बाहेर नेलें. त्याच दिवसांत त्याच बंदरांत भारतीय नौदलाच्या नौकाही आपल्या लोकांस आणावयास गेल्या होत्या, आणि त्यांत आपल्या मुंबई शहराचें नांव धारण करणारी मुंबई ही विनाशिका होती. आपल्या नौकांनीं भारतीयांबरोबर श्रीलंका व नेपाळ येथील लोकांसही घेतलें, आणि दोन हजारांहून अधिक माणसें सायप्रस बेटावर सुखरूप पोंचविलीं. ही कामगिरी भूषणावह खरीच. परंतु विनाशिका ही तोफा व अग्निबाण यांनीं भरलेली असते. तीत पाहुण्यांस जागा थोडी. लेंकरांबाळांसह शेंकडों माणसें चढलीं म्हणजे दाटी ही व्हावयाचीच.

जागेची ही उणीव भारतास त्यापूर्वींच जाणवली होती. ता. २६ डिसेंबर २००४ रोजीं आलेल्या त्सुनामीच्या लाटांनीं अंदमान-निकोबार बेटें, तामिळनाडूचा किनारा, श्रीलंका, मालदीव व इंडोनेशिया येथें हाहाकार उडविला. भारतीय नौदलानें तीसांहून अधिक जहाजें मदतीस धाडलीं. पण जेथें धक्केच वाहून गेले, तेथें अन्न, औषध व तंबू उतरवावयाचे कसे? मोठ्या पोटाचें, स्वतःच्या होड्या स्वतःबरोबर बाळगणारें जहाज हवें होतें, आणि तसें जहाज आपणांपाशीं नव्हतें.

तें अमेरिकेकडून मिळालें. ता. १७ जानेवारी २००७ रोजीं ट्रेंटन भारताच्या स्वाधीन करण्यांत आली, आणि त्याच वर्षीं ता. २२ जून रोजीं अमेरिकेंतील नॉरफोक बंदरांत तिच्यावर तिरंगा चढला. किंमत सुमारें पांच कोटि डॉलर पडली. सहा सी किंग हेलिकॉप्टरांचे सुमारें चार कोटि डॉलर निराळे. नवें नांव ठेवलें जलाश्व. जल म्हणजे पाणी व अश्व म्हणजे घोडा, हें संस्कृताच्या विद्यार्थ्यांस सांगावयास नको. विशाखापट्टण हें तिचें घर ठरलें.

परंतु आरंभ सुखाचा झाला नाहीं. ता. २ फेब्रुवारी २००८ रोजीं जहाज बंगालच्या उपसागरांत असतांना हायड्रोजन सल्फाइड नांवाचा विषारी वायु गळला, आणि एक अधिकारी व पांच खलाशी मृत्युमुखीं पडले. या वायूची ओळख आमच्या विद्यार्थ्यांस आहे. रसायनशाळेंत किपच्या उपकरणांतून तो सुटला म्हणजे कुजलेल्या अंड्यांची घाण येते व आपण नाकास रुमाल लावतों. पण तोच वायु कोंदट जागीं फार झाला म्हणजे वास घेण्याची शक्तीच मारून टाकतो. मनुष्यास धोका कळत नाहीं, आणि तो पडतो. शत्रु नाहीं, तोफ नाहीं, आणि सहा घरांचे कर्ते पुरुष गेले.

त्याच सालीं देशाच्या महालेखापालांनींही या खरेदीवर ठपका ठेवला. छत्तीस वर्षांचें जुनें जहाज पुरेशी पारख न करतां घेतलें, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. जहाज देतांना अमेरिकेनें त्याच्या उपयोगावर घातलेल्या अटींचाही उल्लेख त्यांनीं केला. ही टीका आम्ही झांकून ठेवूं इच्छीत नाहीं. प्रजेच्या पैशाचा हिशेब मागणें हें त्या अधिकाऱ्याचें कर्तव्यच आहे, आणि जुनी वस्तु घेणाऱ्यानें तिचा सांधा न् सांधा तपासून घ्यावा, हें तर आपल्या घरांतील गृहिणीही जाणतात. तथापि जहाजाचें मोल पुरतें ठरावयास अजून एक प्रसंग यावयाचा होता.

तो सन २०२० सालीं आला. करोनाच्या सांथीनें जगांतील विमानें जमिनीवर बसलीं, आणि पोटासाठीं परदेशीं गेलेले लक्षावधि भारतीय जेथल्या तेथें अडकून पडले. सरकारानें समुद्रसेतु या नांवाची मोहीम कांढली. मुंबईच्या समुद्रांत असलेली जलाश्व मालदीवची राजधानी माले हिच्याकडे वळविण्यांत आली. ता. ८ मे रोजीं तेथून ६९८ प्रवासी घेऊन ती निघाली. त्यांत १९ गर्भवती स्त्रिया व १४ लहान मुलें होतीं. जेथें शिपायांनीं निजावें, तेथें या माता निजल्या. सांथीमुळें माणसामाणसांत अंतर राखणें अवश्य होतें. विनाशिकेवर तें कितपत साधलें असतें? जलाश्वच्या पोटांत तें साधलें, कारण तें पोट हजार शिपायांच्या मापानें घडविलेलें होतें. ता. १० मे रोजीं सकाळीं ती कोचीच्या बंदरांत शिरली.

यानंतर ती पुन्हां मालेस गेली, कोलंबोस गेली, आणि शेवटीं इराणच्या बंदर अब्बास येथून ६८७ लोकांस घेऊन तुतिकोरिन येथें आली. ज्या आखातांत १९८८ सालीं तिनें आग पाहिली होती, त्याच आखाताच्या तोंडाशीं बत्तीस वर्षांनीं ती माणसें न्यावयास उभी राहिली! जलाश्व, ऐरावत, शार्दूल व मगर या चार नौकांनीं मिळून ५५ दिवसांत ३,९९२ भारतीयांस स्वदेशीं आणलें. पुढल्या वर्षीं मे महिन्यांत देशांत प्राणवायूची टंचाई पडली, तेव्हां ब्रूनेई व सिंगापूर येथून प्राणवायूच्या टांक्या विशाखापट्टणास आणावयास हेंच जहाज धांवलें. एका वायूनें ज्या जहाजावर सहा प्राण घेतले, त्याच जहाजानें दुसऱ्या वायूच्या रूपानें अनेकांस प्राण आणून दिले.

वाचकहो, आरंभींच्या प्रश्नाचें उत्तर आतां आम्हांस असें दिसतें. तोफ ही तोफेचेंच काम करते. परंतु रिकामें पोट, वांकणारी पाठ व किनाऱ्यापर्यंत जाणाऱ्या होड्या यांत काय भरावयाचें, हें जहाज ठरवीत नाहीं. तें पाठविणारे ठरवितात. सस्सानच्या मंचावर जाणारें हेलिकॉप्टर आणि मोगादिशूच्या आवारांत उतरणारें हेलिकॉप्टर एकाच पृष्ठभागावरून उडालें. आपणांस शाळेंत मिळणारी विद्याही अशीच एक प्रशस्त नौका आहे. ती कोणाच्या किनाऱ्यास लावावयाची व तींत कोणास बसवावयाचें, हें विद्यार्थ्यांनीं पुढें स्वतः ठरवावयाचें आहे. आणि तें ठरवितांना मालेच्या धक्क्यावर जहाजाची वाट पाहत उभ्या असलेल्या त्या एकोणीस माता त्यांना आठवाव्या, एवढीच आमची इच्छा आहे.