विधेयक मंजूर झालं, म्हणजे कायदा लागू झाला?

जानेवारी २०२४च्या सुरुवातीला अपघात करून पळणाऱ्या चालकांसाठीच्या नव्या शिक्षेविरोधात ट्रकचालक संपावर गेले आणि महाराष्ट्रात ठिकठिकाणी पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. ही शिक्षा ज्या कायद्यात होती, त्या भारतीय न्याय संहितेला राष्ट्रपतींची संमती २५ डिसेंबर २०२३ला मिळाली होती. त्यामुळे नवी शिक्षा लागू झाली, असं अनेक जण धरून चालले. प्रत्यक्षात तेव्हा अपघाताचे गुन्हे जुन्या दंड संहितेखालीच नोंदवले जात होते.

राष्ट्रपतींच्या संमतीनं कायदा तयार होतो, पण तो अंमलात कधी येणार हे वेगळं ठरतं. बहुधा पहिल्याच कलमात त्याचं उत्तर असतं: सरकार राजपत्रात अधिसूचना काढून तारीख जाहीर करेल. तसं काहीच लिहिलेलं नसेल, तर केंद्रीय कायदा संमतीच्या दिवसापासून लागू होतो.

कायदा लागू झाला की सगळा होतो, हेही खरं नाही. न्याय संहिता १ जुलै २०२४ला अंमलात आली, ती कलम १०६चं पोटकलम (२) वगळून. चालकांचा रोष नेमका त्यावरच होता. बेदरकार गाडी चालवून कुणाचा जीव घेतला आणि पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना न कळवता पळ काढला, तर दहा वर्षांपर्यंत कैद आणि दंड, अशी त्यात तरतूद आहे. ज्या सात लाखांच्या दंडाची गावभर चर्चा होती, तो आकडा कलमात कुठेच नाही.

अध्यादेशाला मात्र लोक उगाच कच्चा समजतात. त्याचा अंमल कायद्याइतकाच असतो. फक्त अधिवेशन सुरू झाल्यावर सहा आठवड्यांत सभागृहाची मंजुरी मिळाली नाही, तर तो संपतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ला खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला. विधिमंडळानं कायदा केला डिसेंबरात, पण मधल्या काळातही गुन्हे नोंदवता येत होते.

आणि सरकारनं अधिसूचना काढलीच नाही तर? १९७८च्या ४४व्या घटनादुरुस्तीनं सल्लागार मंडळाच्या मताशिवाय स्थानबद्ध ठेवण्याची मुदत तीन महिन्यांवरून दोनवर आणली. आणीबाणीत माणसं कशी डांबली गेली, हे पाहिलेल्या संसदेनं घेतलेला तो निर्णय होता. पण ती तरतूद लागू करण्याची अधिसूचना सरकारनं काढलीच नाही. तारीख जाहीर करण्याचा आदेश सरकारला देता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८१च्या अखेरीस ए. के. रॉय खटल्यात सांगितलं. संसदेचा निर्णय सरकारनं असा अडवून धरावा, हे मला अजिबात पटत नाही. राज्यघटनेच्या सरकारी प्रतीत अनुच्छेद २२मध्ये अजून तीन महिनेच छापलेले असतात. दोन महिन्यांचा मजकूर तळटीपेत आहे.